एक्स ६.३ आणि पान एक: न आलेल्या सौर वादळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर शुक्रवारी, २३ फेब्रुवारी २०२४ ला, जे घडलं त्याची ही नोंद आहे. दैनिकाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. मी त्या दैनिकात नोकरीला नाही. शहरातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि ग्रहण, धूमकेतू, उपग्रह असं काही निघालं की डेस्कवरून मला फोन येतो. त्या शुक्रवारी तो दिवसभर येत राहिला.

निर्णय घेणारी माणसं तिघं. पान एक लावणाऱ्या मुख्य उपसंपादक, ज्यांना सगळं ऑफिस ताई म्हणतं. वेबसाइट आणि फेसबुक पान सांभाळणारा एक तरुण. आणि खानापूरचा तालुका प्रतिनिधी. शनिवारी माघ पौर्णिमा होती, म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर भारत हुण्णिमेची गर्दी. शुक्रवारी संध्याकाळपासूनच बैलगाड्या, ट्रॅक्टर, वडाप सगळं तिकडं वळलेलं होतं. पान एकवरची मुख्य जागा यात्रेसाठी राखून ठेवली होती. सूर्याला त्या पानावर कुणी बोलावलेलं नव्हतं.

सूर्यावर मात्र गडबड चालू होती. पंचविसावं सौरचक्र शिगेला पोचत होतं. उत्तर गोलार्धात, मध्यापासून जरा पूर्वेच्या अंगाला, १३५९० क्रमांकाचा डागांचा मोठा गट तयार झाला होता. त्यातून एका दिवसाच्या आत तीन एक्स-वर्गाच्या ज्वाला निघाल्या. पहिली गुरुवारी पहाटे ४ वाजून ३७ मिनिटांनी, एक्स १.८. दुसरी गुरुवारीच दुपारी बारा वाजून गेल्या गेल्या, एक्स १.७. तिसरी शुक्रवारी पहाटे ४ वाजून ४ मिनिटांनी, एक्स ६.३. त्या वेळेपर्यंतच्या चालू चक्रातली ही सगळ्यात तीव्र ज्वाला. सप्टेंबर २०१७ नंतर एवढी मोठी झालेली नव्हती.

हे आकडे कसे मोजतात ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. पृथ्वीभोवती फिरणारे अमेरिकेचे गोझ उपग्रह सूर्याकडून येणाऱ्या क्ष-किरणांची तीव्रता सतत मोजतात. ए, बी, सी, एम, एक्स अशा पाच पायऱ्या, प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. चौरस मीटरला एक वॅटचा दहा हजारावा भाग एवढी तीव्रता म्हणजे एक्स १. मोजलं जातं ते एवढंच: क्ष-किरणांमध्ये सूर्य किती लखलखला. त्या लखलखाटाबरोबर सूर्याबाहेर काही फेकलं गेलं का, याबद्दल हा आकडा एक अक्षरही सांगत नाही.

पेच

गुरुवारी रात्रीपासून एक हिंदी फॉरवर्ड फिरत होतं. अमेरिकेत सूर्याच्या वादळानं मोबाइल बंद पडले, आता भारताची पाळी, ४८ तास फोन, एटीएम, यूपीआय सगळं ठप्प, पैसे काढून ठेवा. सकाळपर्यंत त्याचं कन्नड रूपही आलं, आणि त्यात बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांचा हवाला घातलेला होता. नाव अर्थात कुणाचंच नव्हतं.

अमेरिकेतली घटना खरी होती. २२ फेब्रुवारीला तिथल्या एका मोठ्या कंपनीचं मोबाइल नेटवर्क काही तास कोलमडलं. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची दुपार होती. एक्स ६.३ ची ज्वाला त्यानंतर बारा-चौदा तासांनी झाली. परिणाम आधी आणि कारण मागून, असा तो सगळा हिशोब. दुपारची एक्स १.७ झाली तेव्हा अमेरिकेत मध्यरात्र होती. रात्रीच्या बाजूला क्ष-किरण पोचतच नाहीत. पुढं तिथल्या दूरसंचार आयोगाच्या चौकशीत कारण निघालं ते उपकरणाच्या चुकीच्या मांडणीचं. पण शुक्रवारी सकाळी ही चौकशी झालेली नव्हती, आणि फॉरवर्ड वाचणाऱ्याला वेळांचा मेळ घालायची गरजही वाटलेली नव्हती.

त्यातच खानापूरच्या प्रतिनिधीचा फोन आला. तालुक्याच्या पश्चिम भागात, जंगलातल्या काही गावांत, पहाटेपासून रेंज नव्हती. फोन करायला तो खानापूर गावात आला होता. "ताई, हितं लोकं म्हणायलेत, सूर्याचं वादळ आलंय म्हणून टॉवर गेला. फोटो बी आहेत. लावूया की."

ताईंनी मला विचारलं ते असं: "सर, एका वाक्यात सांगा. वादळ येतंय की नाही?"

त्या क्षणी, सकाळी दहाच्या आत, माझ्यापाशी एका वाक्याचं उत्तर नव्हतं, आणि जगात फार थोड्यांपाशी असेल. मोठ्या ज्वालेनंतर सूर्याकडून तीन गोष्टी येऊ शकतात आणि तिन्हींचा वेग वेगळा. प्रकाश आणि क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत येतात. म्हणजे ज्वाला झाल्याचं आपल्याला कळतं तेव्हा त्यांचा परिणाम सुरू झालेलाच असतो, इशारा द्यायला वेळ उरत नाही. वेगवान प्रोटॉन आले तर अर्ध्या तासापासून काही तासांत येतात. आणि तिसरी गोष्ट, खरं चुंबकीय वादळ आणणारी: प्रभामंडलातून, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात बाहेरच्या विरळ वातावरणातून, सुटलेला चुंबकित वायूचा प्रचंड ढग, शास्त्रज्ञांच्या बोलण्यातला सीएमई. सेकंदाला हजार किलोमीटरनं धावला तरी पंधरा कोटी किलोमीटर यायला त्याला चाळीसेक तास लागतात. फारच चपळ असला तर सतरा-अठरा. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज नऊ तास गेली ती अशाच ढगामुळं.

पहिली गोष्ट येऊन गेली होती, आणि तीही आपल्याकडे नाही. पहाटे चार वाजता भारत अंधारात होता. त्या ज्वालेचे क्ष-किरण प्रशांत महासागरावर पडले आणि तिथली लघुलहरी रेडिओ सेवा काही काळ विस्कळीत झाली. प्रोटॉन वाढल्याची नोंद नव्हती. राहिला प्रश्न ढगाचा.

इथं संख्याशास्त्र डेस्कला उलट बाजूला ढकलत होतं. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो उपग्रहाच्या नोंदींवरून काढलेलं जुनं प्रमाण असं, की सी-वर्गाच्या ज्वालांपैकी साधारण पाचव्या हिश्शाबरोबर सीएमई असतो, एम-वर्गात निम्म्यांबरोबर आणि एक्स-वर्गात दहापैकी नऊंबरोबर. म्हणजे निव्वळ पैज लावायची तर "ढग निघाला असणार" यावरच लावावी लागेल. वेबवाल्या तरुणानं नेमका हाच युक्तिवाद केला आणि त्यात त्याचं चूक काही नव्हतं.

समोरचे पर्याय

सकाळी तीन पर्याय मांडले गेले.

पहिला, वेबसाइटवर लगेच बातमी: "सूर्याचा तडाखा: मोबाइल सेवा ठप्प होणार?" मथळा टाइप करून तयार होता. प्रश्नचिन्ह लावलं की जबाबदारी संपते अशी आपल्या धंद्यात एक समजूत आहे. त्या दिवशी यात्रेला निघालेल्या हजारो घरांत तो मथळा प्रश्नचिन्हाशिवायच वाचला गेला असता. डोंगरावर चुकामूक झाली की माणसं फोनवरच एकमेकांना शोधतात. गर्दीनं नेटवर्क तिथं दर वर्षी दमतंच, आणि यंदा त्याचं खापरही सूर्यावर फुटलं असतं.

दुसरा, काहीच न छापणं. ताईंचा कल सुरुवातीला इकडं होता. "आकाशातलं आपल्याला कशाला" हे त्यांचं वाक्य. पण फॉरवर्ड आधीच घरोघरी पोचलं होतं आणि खानापूरची रेंज खरोखरच गेलेली होती. पेपर गप्प राहिला तर फॉरवर्डलाच पेपरचा दर्जा मिळतो.

तिसरा पर्याय म्हणजे जेवढं कळलंय तेवढंच लिहायचं आणि उरलेलं कधी कळेल त्याची वेळ सांगायची. याला वाचक कमी मिळतात. तरी ताईंनी हाच निवडला, आणि माझ्या मते दिवसभरातला सगळ्यात चांगला निर्णय हा होता. कारण साधं होतं: ढग निघाला असेल तर तो पोचायला साधारण शनिवारची रात्र झाली असती, फार घाई केली तर शुक्रवारची रात्र. सकाळी साडेनऊला धावण्यासारखं काही नव्हतं.

ज्वाला पेटली तरी ढग का सुटत नाही

दुपारी ताईंनी पुढचा प्रश्न विचारला तो मला जास्त आवडला: "दहातली ती एक ज्वाला अशी का वागते?" चौकटीसाठी दोनशे शब्द हवे होते. त्यांना जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर देतो, कारण नंतरचे निर्णय यावरच उभे आहेत.

सौरडागांच्या वर चुंबकीय क्षेत्राच्या कमानी असतात. डागांची सरकासरक होते तशा खालच्या कमानी पिळल्या जातात आणि त्या पिळात ऊर्जा साठते. कधीतरी बलरेषा तुटून नव्यानं जोडल्या जातात, साठलेली ऊर्जा मोकळी होते, वायू कोटी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरणांचा लोट उठतो. ही ज्वाला. यासाठी काहीही सूर्याबाहेर जावं लागत नाही. सगळं जागच्या जागी होऊ शकतं.

ढग सुटायचा तर पिळलेल्या क्षेत्राचा दोरखंड वर उसळून निसटायला हवा. त्याला अडवतं ते त्याच्याही वरून गेलेलं आणखी मोठ्या कमानींचं क्षेत्र. चिकोडी-निपाणीच्या रस्त्यांवर गळीत हंगामात दिसणाऱ्या उसाच्या ट्रॉलीवर साखळी आवळलेली असते, तसं ते क्षेत्र खालच्या दोरखंडाला दाबून धरतं. प्रश्न साखळी किती घट्ट एवढाच नाही, तर उंचीबरोबर तिची पकड किती लवकर सैल होते हाही आहे. पकड झपाट्यानं सैल होत असेल तर दोरखंड थोडा वर सरकला की त्याला आणखी कमी विरोध मिळतो, मग तो आणखी वर जातो, आणि सुटतोच. गणितानं याची सीमा साधारण ठरलेली आहे: वरचं क्षेत्र उंचीच्या दीडाव्या घातापेक्षा वेगानं घटू लागलं की दोरखंड अस्थिर होतो. ही सीमा सूर्याच्या पृष्ठभागाजवळ असली तर ज्वालेबरोबर ढग निघतो. फार उंचावर असली तर दोरखंड तिथवर पोचतच नाही. ज्वाला पेटते, भडकते आणि जागेवरच विझते. अशा ज्वालेला बंदिस्त ज्वाला म्हणतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१४ च्या दिवाळीतलं आहे. त्या ऑक्टोबरात १२१९२ क्रमांकाचा गट सूर्यावर होता. १९९० नंतरचा सगळ्यात मोठा, आकारानं गुरू ग्रहाच्या तोडीचा. १९ ते २७ ऑक्टोबर या काळात त्यानं एक्स-वर्गाच्या सहा ज्वाला दिल्या. सगळ्यात मोठी एक्स ३.१. सहाच्या सहा बंदिस्त. एकीबरोबरही सीएमई नाही. जगभरचे अंदाजकर्ते रोज वादळाची वाट बघत होते आणि रोज काही येत नव्हतं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की या गटाच्या गाभ्यावर ती अस्थिरतेची सीमा सुमारे ७७ हजार किलोमीटर उंचीवर होती. ज्यांनी ज्वालेबरोबर ढगही फेकले अशा दुसऱ्या गटांत ती साधारण निम्म्या उंचीवर सापडली. शिवाय आकाराच्या मानानं क्षेत्रातला पीळही कमी होता. गंमत अशी की याच गटातून एक लहानशी, एम ४.० ची ज्वाला निघाली आणि तिनं मात्र ढग फेकला. ती गटाच्या मध्यात नव्हती, कडेला होती, जिथं वरचं छत विरळ आणि शेजारी मोकळ्या बलरेषा होत्या.

म्हणजे गट जेवढा मोठा तेवढा धोका मोठा, हा सरळ हिशोब इथं चालत नाही. २०१० ते २०१९ मधल्या एम १ आणि त्यावरच्या ३२२ ज्वालांच्या अभ्यासात १५५ बंदिस्त निघाल्या, आणि गटातला एकूण चुंबकीय प्रवाह जितका जास्त तितकं ढग सुटण्याचं प्रमाण कमी दिसलं. अवाढव्य गट ज्वाला भरपूर देतो, पण त्याचं स्वतःचंच क्षेत्र वरून झाकण घालतं.

प्रोटॉनचं उत्तरही यातच आहे. दूरवर मारा करणारे बहुतेक वेगवान प्रोटॉन ढगापुढं चालणाऱ्या धक्का-लहरीत गती घेतात. ढग नाही तर धक्का-लहर नाही. ज्वालेतही कण वेग घेतात, पण बंदिस्त ज्वालेत ते बंद कमानींतच येरझाऱ्या घालतात, खालच्या दाट थरावर आदळून क्ष-किरण देतात आणि तिथंच संपतात. बाहेर पडायला मोकळी बलरेषा हवी. ती गाभ्यात सहसा नसते. हे रेडिओवरही ऐकू येतं. धक्का-लहर निघाली की कमी होत जाणाऱ्या कंप्रतेचा एक विशिष्ट स्फोट नोंदला जातो, त्याला टाइप-टू म्हणतात. तो नसला तर शंका घ्यायला जागा मिळते.

ताईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोनशे शब्द म्हटलं होतं, सर." शेवटी चौकटीत साखळी राहिली, दीडावा घात गेला. योग्यच.

काय केलं

सकाळी वेबसाइटवर चार वाक्यं गेली: पहाटे मोठी सौरज्वाला झाली, भारतात तेव्हा रात्र होती, अमेरिकेतलं मोबाइल बंद पडणं या ज्वालेच्या आधीचं आहे, सूर्यातून ढग निघाला की नाही हे दुपारपर्यंत कळेल.

खानापूरच्या बातमीबाबत ताईंनी प्रतिनिधीला विचारायला सांगितलेले प्रश्न नोंदवण्यासारखे आहेत. गावात वीज आहे का? रेंज एकाच कंपनीची गेली की सगळ्यांची? शेजारच्या डोंगरावरचा दुसऱ्या कंपनीचा टॉवर चालतोय का? सूर्य कंपनी बघून वार करत नाही. शिवाय मोबाइलच्या लहरी आकाशातल्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन येत नाहीत, त्या टॉवरवरून थेट फोनला येतात. ज्वालेनं बिघडतं ते लघुलहरीचं दूरवरचं बोलणं. तासाभरात उत्तर आलं. दुसऱ्या कंपनीची रेंज होती. रस्त्याच्या कामावर जेसीबीनं पहिल्या कंपनीची केबल तोडली होती आणि टॉवरवाला माणूस दुरुस्तीच्या गाडीची वाट बघत बसला होता. प्रतिनिधी थोडा हिरमुसला. त्याची बातमी मात्र पान पाचवर चांगली लागली: केबल तुटली की अख्ख्या पट्ट्याला पर्याय नसतो, रुग्णवाहिकेलाही फोन लागत नाही. सूर्यापेक्षा ती बातमी तालुक्याला जास्त कामाची होती असं माझं मत.

ढगाचा निकाल दुपारी लागला. त्या काळात यासाठी मुख्य डोळा होता सोहो यानावरचा लॅस्को कोरोनाग्राफ; यान डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेलं. हे उपकरण सूर्याची तबकडी झाकून भोवतालचं फिकट प्रभामंडल बघतं. हजार किलोमीटर वेगाचा ढग त्याच्या नजरेच्या आतल्या कडेला पाव तासात पोचतो, पण चित्रं पृथ्वीवर यायला वेळ लागतो आणि मध्येच खंडही पडतात, म्हणून काही तास थांबावं लागतं. ज्वालेनंतरच्या चित्रांत लक्षात घ्यावा असा सीएमई नव्हता. अमेरिकेच्या अवकाश-हवामान केंद्राचंही तेच म्हणणं आलं. गुरुवारच्या दोन ज्वालाही तशाच कोरड्या गेल्या होत्या.

संध्याकाळच्या बैठकीत खरा वाद झाला. "काही झालं नाही" ही बातमी पान एकवर लावायची कशी? वेबवाल्याला "धोका टळला" हा मथळा हवा होता. मी हरकत घेतली. एक, धोका कधी अंगावर आलाच नव्हता, तर टळणार काय? दोन, गट १३५९० अजून सूर्याच्या पूर्व अर्ध्यात होता आणि फिरत फिरत आपल्या समोर येणार होता. १२१९२ नं शिकवलंय की बंदिस्त ज्वालांच्या रांगेतून एखादी कडेची लहान ज्वाला ढग घेऊन निघू शकते. शुक्रवारची ज्वाला कोरडी म्हणून सोमवारची कोरडीच जाईल असं नाही. ताईंनी मथळा बदलला: "सूर्यावर महाज्वाला, पृथ्वीकडे काहीच नाही". पान एकवर तळाला, दोन कॉलम, चौकटीसह. वर यल्लम्मा.

निष्पत्ती

त्या ज्वालेमागून पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं नाही. एटीएमसमोर रांगा लागल्याची बातमी कुठल्याही तालुक्यातून आली नाही. ती आमच्या चौकटीमुळं आली नाही असा दावा मी करणार नाही. यल्लम्मा डोंगरावर नेटवर्क दर वर्षीसारखंच दमलं. फॉरवर्ड रविवारपर्यंत फिरत राहिलं.

वर्षभरानं, फेब्रुवारी २०२५ मध्ये, इस्रोनं एक चित्र प्रसिद्ध केलं. आदित्य-एल१ वरच्या, पुण्याच्या आयुका संस्थेनं तयार केलेल्या सूट दुर्बिणीनं याच एक्स ६.३ ज्वालेचा तेजस्वी गाभा अतिनील प्रकाशात टिपलेला होता. यान जानेवारी २०२४ मध्येच आपल्या जागी पोचलं होतं. ताईंनी ते चित्र लावताना खाली जुन्या चौकटीतली दोन वाक्यं पुन्हा छापली.

वेगळं काय करता आलं असतं

गुरुवार हातचा गेला. सगळ्यांचं लक्ष एक्स ६.३ च्या मोठ्या आकड्यावर. पण आपल्या डोक्यावर पडलेली ज्वाला ती नव्हतीच. गुरुवारी दुपारी बाराची एक्स १.७ झाली तेव्हा सूर्य भारतावर जवळजवळ डोक्यावर होता. शहरातल्या एका हॅम रेडिओवाल्या, म्हणजे हौसेनं लघुलहरीवर बोलणाऱ्या, काकांनी नंतर सांगितलं की दुपारी वीस मीटरचा बँड एकदम मुका झाला आणि त्यांना वाटलं अँटेनाच गेली. ते गच्चीवर चढले सुद्धा. बेळगावपुरती खरी बातमी ती होती. डेस्कच्या फोनवहीत पोलिस, अग्निशमन, हेस्कॉम (वीज कंपनी) सगळ्यांचे नंबर आहेत, हॅमवाला एकही नव्हता.

चौकटीतलं एक वाक्य कच्चं होतं: "प्रोटॉन आले नाहीत, यावरूनही ढग निघाला नसल्याचं दिसतं." हे अर्धंच बरोबर. सूर्य फिरत असल्यानं त्याच्या बलरेषा अवकाशात वळणानं पसरतात आणि पृथ्वीशी जोडलेल्या रेषा सूर्याच्या पश्चिम भागातून निघतात. गट १३५९० पूर्वेला होता. तिथून ढग आणि धक्का-लहर निघाली असती तरी प्रोटॉन आपल्याकडे उशिरा किंवा थोडेच आले असते. याउलट त्याच महिन्यात ९ फेब्रुवारीला पश्चिम कडेजवळून एक्स ३.३ ची ज्वाला झाली. तिच्याबरोबर सीएमईही होता आणि पृथ्वीजवळ प्रोटॉनही वाढले. आकारानं निम्मी, पण तिनं दोन्ही दिलं. तिची बातमी डेस्कनं लावलीच नव्हती.

चौकट कन्नडमध्येही वेबवर द्यायला हवी होती. फॉरवर्ड दोन्ही भाषांत फिरत होतं, आणि खानापूर काय किंवा सौंदत्तीचा डोंगर काय, तिथला माणूस घरात मराठी आणि बाजारात कन्नड वाचतो. वेबवाल्याला दोन्ही येतात. अर्ध्या तासाचं काम होतं. ते कुणी सुचवलंच नाही.

त्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, याची परीक्षा झाली. गट १३६६४ नं एकामागून एक ज्वाला दिल्या आणि या वेळी ढग खरोखर निघाले, तेही एकमेकांच्या पाठोपाठ. शुक्रवारी, १० मे ला, डेस्कनं मला पहिलाच प्रश्न विचारला तो आकड्याबद्दल नव्हता: "लॅस्कोत काय दिसतंय?" उत्तर होतं "बरंच काही". लोकसभेचं मतदान ७ तारखेला उरकलेलं असल्यानं पानावर जागाही होती. मथळ्यात या वेळी "येतंय" होतं. त्या रात्री ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं जी-५, म्हणजे मोजपट्टीवरच्या सगळ्यात वरच्या पातळीचं, चुंबकीय वादळ आलं आणि लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत लाल प्रकाश उमटला.

एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. ताईंना नियम हवा आहे: एक्स ५ च्या वरचीच ज्वाला बातमी धरायची, खालची सोडून द्यायची. मी म्हणतो, या नियमानं ९ फेब्रुवारीची ज्वाला सुटली असती, २०१४ मधली ती एम ४.० तर विचारातही आली नसती, आणि २३ तारखेची कोरडी ज्वाला मात्र बरोबर पानावर आली असती. त्यांचं उत्तरही खोटं नाही: रात्री साडेनऊला डेस्कवर एकट्या बसलेल्या पोराला आकडा कळतो, कोरोनाग्राफ कळत नाही, आणि मी दर वेळी फोन उचलतोच असं नाही. सध्या ठरलंय ते असं: एम ५ च्या वर काहीही झालं तर आधी हॅमवाल्या काकांना फोन, मग लॅस्कोची चित्रं येईपर्यंत मथळ्यात "धडकणार" हे क्रियापद बंद.